दोन बाजा, दोन पाव्हणे आन् चुंबकाला चिकटणारा ऑक्सिजन

माझी भाची लातूरला नीटच्या क्लासला असते. सुट्टीत गावाकडं आली की आमच्या ओट्यावर हमखास केमिस्ट्री निघते. परवा तिनं वही उघडून ऑक्सिजनचं चित्र दाखवलं, दोन ओ, मधात दोन दांड्या, बाजूनं ठिपक्यांच्या जोड्या, आणि म्हणली मामा, ह्या दांडीत इलेक्ट्रॉन नेमका कुठं बसलेला असतो? मी म्हणलं बाई, दांडीत कोणीच बसत नसतंय, दांडी आपण काढलेली. मग सर काहून काढतात? आता ह्या "काहून"चं उत्तर चहा होईस्तोवर संपणारं नव्हतं, चहा दोनदा झाला तरी संपलं नाही, म्हणून निवांत लिहून काढायलोय.

दांडी दिली गिल्बर्ट लुईस ह्या अमेरिकन माणसानं, १९१६ साली. म्हणणं सरळ होतं, दोन अणू एकेक इलेक्ट्रॉन सामाईकात टाकतात आणि ती जोडी म्हणजे बाँड. आपल्याकडं दोन भावांत वाटणी होते, शेताला बांध पडतो पण विहीर सामाईक राहते, तसं. श्रोडिंगरचं समीकरण (इलेक्ट्रॉनच्या लाटेचं गणित) यायला तवा अजून दहा वर्षं होती, तरी माणसानं निस्त्या अंदाजावर येवढं बरोबर धरलं होतं, त्यामुळं लुईसला नावं ठेवायची आपली लायकी नाही. पाणी, अमोनिया, मिथेन, स्पिरिट, सगळ्याचा हिशोब त्या दांडीवर लागतो. फॅक्टरीत बसलेला केमिस्टसुद्धा आज कागदावर दांड्याच काढतो.

पण ऑक्सिजनपाशी गाडी अडते.

बघा, ऑक्सिजनच्या एका अणूला बाहेरच्या कक्षेत सहा इलेक्ट्रॉन, दोघांचे मिळून बारा. लुईसच्या पद्धतीनं मांडले की मधात दोन जोड्या, दोन्हीकडं दोन-दोन जोड्या, झाले बारा, एकबी सुटा नाही. इलेक्ट्रॉन स्वतः एक बारकासा चुंबक असतो, त्याला स्पिन म्हणतात, आणि जोडीतल्या दोघांचे स्पिन उलटसुलट असल्यानं एकमेकाला मारून टाकतात. म्हणजे सगळे जोडीनं असतील तर पदार्थाला चुंबकाशी काही देणंघेणं नसावं. आता ऑक्सिजन गार करत करत उणे १८३ अंशाखाली नेला की त्याचं पाणी, म्हणजे द्रव, होतं, फिकट निळ्या रंगाचं, आणि ते तगड्या चुंबकाच्या दोन टोकांमधी ओतलं तर खाली न पडता तिथंच लटकून राहतं. लिक्विड नायट्रोजन ओता, सरळ वाहून जातो. ऑक्सिजन चुंबकाकडं ओढला जातो हे फॅरेडेला एकोणिसाव्या शतकातच दिसलं होतं, म्हणजे पुरावा दांडीच्या आधीचा.

मी नांदेडला बीएस्सीला असताना हे विचारलं होतं, तर उत्तर मिळालं की "अपवाद आहे, पाठ कर". मी केला पाठ. पण ज्या हवेवर आपण जगतो तिचाच पाचवा हिस्सा अपवाद म्हणायचा, तर नियमातच काहीतरी राहिलंय ना.

राहिलंय ते हे की इलेक्ट्रॉन म्हणजे ठिपका नाही. अणूच्या आत तो लाटेसारखा वागतो. कीर्तनात वीणेकरी बुवांच्या गळ्यातली वीणा बघितली असेल, तार दोन्ही टोकाला बांधलेली आहे, छेडली की वाट्टेल तशी हलत नाही, ठरलेल्या आकारातच थरथरते. एकतर अख्खी तार एक फुगवटा करून, नाहीतर मधात एक जागा स्थिर ठेवून दोन फुगवटे, नाहीतर तीन, पण अडीच फुगवटे कधीच नाही. न्यूक्लियसनं (अणूच्या गाभ्यानं) ओढून धरलेल्या इलेक्ट्रॉनचं तसंच, त्याच्या लाटेला ठराविकच आकार परवडतात आणि प्रत्येक आकाराची ऊर्जा ठरलेली. ह्या आकाराला ऑर्बिटल म्हणतात. शब्द रॉबर्ट मलिकननं १९३२ मधी काढला, ऑर्बिट म्हणजे फिरायची वाट, आणि हे वाटेसारखं पण वाट नव्हे, म्हणून ऑर्बिटल. पोरं अजूनबी ऑर्बिटल म्हणलं की सूर्याभोवती पृथ्वी काढतात, ते डोक्यातून काढून टाका. गोल लाटेला एस म्हणायचं, आणि डमरूसारख्या दोन फुगवट्याच्या लाटेला पी. डमरूच्या एका बाजूला लाट वर, दुसऱ्या बाजूला खाली, मधात शून्य.

आता दोन अणू जवळ आणा. सगळ्यात सोपा हायड्रोजन घेऊ, दोघांकडं एकेक गोल लाट. विहिरीत दोन खडे टाकले की दोन्हीच्या लाटा मधात भेटतात, काही ठिकाणी उंचवट्यावर उंचवटा येऊन पाणी दुप्पट चढतं, काही ठिकाणी उंचवट्यावर खळगा येऊन पाणी सपाट राहतं. इथं तेच दोन प्रकार. दोन लाटांची बेरीज केली तर दोन न्यूक्लियसच्या मधल्या जागेत लाट जाड होते, म्हणजे इलेक्ट्रॉन तिथं सापडायची शक्यता वाढते. वजाबाकी केली तर बरोब्बर मधात शून्य, इलेक्ट्रॉन मधली जागा टाळतो आणि पाठीमागच्या बाजूला पळतो. पहिली ऊर्जेनं खाली, तिला बाँडिंग म्हणतात, दुसरी वर, ती अँटीबाँडिंग. दोन लाटा घातल्या तर दोनच निघतात, ना कमी ना जास्त. आणि मुख्य मुद्दा हा की ह्या नव्या लाटा डाव्या अणूच्याबी नाहीत आणि उजव्याच्याबी नाहीत, अख्ख्या रेणूच्या आहेत. म्हणून त्यांना मॉलिक्युलर ऑर्बिटल म्हणायचं.

बेरजेची लाट खाली काहून असते, ह्याचं पुस्तकी उत्तर असं की मधला इलेक्ट्रॉन दोन्ही न्यूक्लियसला आपल्याकडं ओढतो, गोंदासारखा. उत्तर चूक नाही पण निम्मं आहे. दुसरी गोष्ट अशी की कोंडलेल्या लाटेची तडफड जास्त असते, जागा मोठी मिळाली की ती ऐसपैस पसरते आणि तिची हालचालीची ऊर्जा उतरते. एका खोलीत कोंबलेल्या लेकराला वाडाभर मोकळं सोडलं की कसं शांत होतं. ही बाजू बारावीत कोणी सांगत नाही, सांगायला पाहिजे.

आता बाजा टाकू. माझ्या डोक्यात हे सगळं उन्हाळ्यातल्या अंगणासारखं आहे. ऑर्बिटल म्हणजे बाज, इलेक्ट्रॉन म्हणजे मुक्कामी आलेले पाव्हणे. नियम तीनच. खालच्या बाजा आधी भरायच्या. एका बाजेवर दोघंच, आणि तेबी एकाचं डोकं उशाला तर दुसऱ्याचं पायथ्याला, दोघं एकाच दिशेनं डोकं करून मावत नाहीत (हा पाउलीचा नियम, डोकं म्हणजे स्पिन). आणि तिसरा, सारख्या उंचीच्या दोन बाजा रिकाम्या असतील तर शहाणा पाव्हणा दुसऱ्याच्या बाजेवर जाऊन लोळत नसतो, स्वतंत्र बाज धरतो, आणि मग दोघांचीबी डोकी एकाच दिशेला असतात. हा हुंडचा नियम, नाव तसं असलं तरी त्याचा लग्नातल्या हुंड्याशी संबंध नाही, आमच्या बॅचला एकानं खरंच विचारलं होतं. उपमेची खोट आधीच सांगून टाकतो, बाज अंगणात आधी असते आणि पाव्हणा नंतर येतो, तर इथं पाव्हण्याच्या पसरण्यालाच बाज म्हणायलोय. पण मोजायला चालतंय.

हायड्रोजनचे दोन पाव्हणे, दोघंबी खालच्या बाजेवर. वरची रिकामी. रेणू पक्का, दोन न्यूक्लियसमधी ७४ पिकोमीटर (मीटरचा लाख कोटीवा भाग) अंतर, तोडायला मोलामागं (म्हणजे रेणूंच्या एका ठरावीक प्रचंड संख्येमागं) ४३६ किलोज्यूल. हेलियमचे चार पाव्हणे, दोन खाली, दोन वर. खालच्यांनी जितकं जोडलं तितकं वरच्यांनी उसवलं, उलट थोडं जास्तच, कारण अँटीबाँडिंग जितकी वर जाते तितकी बाँडिंग खाली येत नसते. म्हणून जत्रेतल्या फुग्यात हेलियमचे अणू एकेकटेच फिरतात. मोजायचं सूत्र एवढंच, खालचे वजा वरचे, भागिले दोन. हायड्रोजनला एक, हेलियमला शून्य. दांड्यांची संख्या म्हणतो ती हीच, फक्त आता दांडी काढायची नाही, वजाबाकी करायची.

ऑक्सिजनकडं येऊ, तिथं मजा आहे. बाहेरच्या कक्षेत एक एस आणि तीन डमरू. एसवाल्यांची बेरीज-वजाबाकी दोन्ही भरतात आणि मिटतात, सोडून द्या. तीन डमरूंपैकी एक शेजाऱ्याकडं तोंड करून असतो, तो समोरासमोर भिडतो, हा सिग्मा. राहिलेले दोन आडवे, बाजूबाजूनं एकमेकाला घासतात, हे पाय (सिग्मासारखंच ग्रीक अक्षर, चालायचे पाय नव्हे). आता लक्ष द्या, आडवे दोन एकमेकाशी काटकोनात आहेत पण बाकी हुबेहूब सारखे, त्यामुळं त्यांच्या बाँडिंग बाजा दोन एकाच उंचीवर आणि अँटीबाँडिंग बाजा पण दोन एकाच उंचीवर. बारा पाव्हणे बसवायला घ्या. एसच्या दोन बाजांवर चार. मग सिग्मावर दोन, पाय बाँडिंगच्या दोन बाजांवर चार. झाले दहा. राहिले दोन पाव्हणे, आणि समोर काय आहे, तर सारख्या उंचीच्या दोन रिकाम्या बाजा.

एकेक बाज, एकेक पाव्हणा, डोकी एकाच दिशेला. दोन सुटे स्पिन, आणि म्हणून ऑक्सिजन चुंबकाला चिकटतो. जोडणारे आठ (एसचे दोन, सिग्माचे दोन, पायचे चार) वजा उसवणारे चार (एसच्या वजाबाकीचे दोन, वरचे हे दोन), भागिले दोन, बरोबर दोन. म्हणजे लुईसची दोन दांडी खरीच होती, तिला फक्त हे दिसत नव्हतं की वरच्या दोन बाजांवर दोघं जण वेगवेगळे झोपलेत. १९२९ मधी लेनार्ड-जोन्सनं हा हिशोब मांडला. मी हे पहिल्यांदा स्वतः कागदावर मोजलं तवा रात्रीचे अकरा वाजले होते आणि सांगायला कोणी जागं नव्हतं.

कोणी म्हणेल हे जुळवून आणलेलं आहे. ठीक, मग दुसरी तपासणी घ्या. नायट्रोजनचे दहा पाव्हणे, सगळ्या बाँडिंग बाजा भरल्या आणि वरच्या पायवाल्या दोन्ही रिकाम्या, बाँड तीन. आता नायट्रोजनचा एक इलेक्ट्रॉन काढून घ्या. जोडणाराच गेला, बाँड ढिला पडणार, आणि अंतर ११० वरून ११२ पिकोमीटर होतं, लांबतंय. ऑक्सिजनचा एक काढून घ्या. दांडीवाला म्हणेल इथंबी ढिला पडेल. पण आपल्या अंगणात उठणारा पाव्हणा वरच्या बाजेवरचा आहे, उसवणारा. तो गेला की बाँड घट्ट व्हायला पाहिजे. आणि होतो, १२१ वरून ११२ पिकोमीटर. इलेक्ट्रॉन काढला आणि बाँड आखूड झाला! ठिपके मांडून हे कोणाच्या बापाला सांगता आलं नसतं.

ह्या दोन सुट्या पाव्हण्यांचे उपकार वेगळेच आहेत. मे महिन्यात आपल्याकडं ४२-४३ अंश तापतं, कडब्याची गंज उघड्यावर उभी असते, चहूबाजूनं ऑक्सिजन, आणि कडबा जळला तर ऊर्जा भरपूर सुटते, म्हणजे हिशोबानं जळणं फायद्याचंच. तरी गंज आपोआप पेटत नाही, बिडीचं थोटूक किंवा ठिणगी लागते. त्याचं एक मोठं कारण हे की कडब्यातले इलेक्ट्रॉन सगळे जोडीनं आहेत, ऑक्सिजनचे दोन एकाच दिशेला डोकं करून सुटे आहेत, आणि त्यांना एका झटक्यात जोड्या लावून सामावून घेणं स्पिनच्या नियमात बसत नाही. आधी उष्णतेनं एखादा बाँड तुटावा, सुटा इलेक्ट्रॉन असलेला तुकडा तयार व्हावा, मग साखळी सुरू. नाहीतर कडबाच काय, आपणबी जागच्या जागी पेटलो असतो.

नायट्रोजनची गोष्ट उलटी. मोलामागं ९४५ किलोज्यूल दिल्याशिवाय तो सुटत नाही, फ्लोरिन १५८ मधी सुटतो (त्याच्या वरच्या दोन्ही पाय बाजा भरलेल्या, बाँड एकच राहतो). आपण रात्रंदिवस नायट्रोजनमधी उभे आहोत, पिकाला तोच पाहिजे, आणि तरी युरियाच्या गोणीसाठी लाईनीत थांबायलोत, ते ह्या तीन बाँडमुळं. कारखान्यात त्याला लोखंडाच्या कॅटॅलिस्टवर चारशे-पाचशे अंश आणि दीडशे-दोनशे पट हवेचा दाब देऊन अमोनिया करतात. आणि आपलं सोयाबीन तेच काम काळ्या मातीत, पावसाळ्याच्या गारव्यात करतं, म्हणजे स्वतः नाही, मुळाच्या गाठीतले जिवाणू करतात. त्यांचं एन्झाइम धातूच्या अणूंवरून नायट्रोजनच्या त्या रिकाम्या वरच्या बाजांवर इलेक्ट्रॉन ढकलतं. उसवणाऱ्या बाजेवर पाव्हणे बसवले की बाँड ढिला पडणारच. फुकट नाही हे, एका नायट्रोजन रेणूमागं १६ एटीपी (पेशीतलं ऊर्जेचं चलन) जळतात, आणि त्या एटीपीची साखर झाड पुरवतं. ऑगस्टमधी सोयाबीन उपटून गाठ नखानं फोडून बघा, आतून गुलाबी निघाली तर काम चालू आहे.

आता दोन अणूंवरून लांब रेणूकडं. भाचीला इथं खरा रस वाटला, कारण आमच्याकडं हळद आहे. वसमतपासून जवळच आहोत आम्ही, त्या हळदीला जीआय (माल त्याच भागाचा असल्याचा सरकारी शिक्का) पण मिळालेला आहे. तिनं विचारलं मामा, हळद पिवळी काहून? म्हणलं वीणेवर या परत.

समजा कार्बनची साखळी आहे, एक डबल बाँड, एक सिंगल, परत डबल, परत सिंगल. प्रत्येक कार्बनचा एक आडवा डमरू शेजारच्याला घासायलाय, त्याच्या शेजारच्यालाबी, म्हणजे लाट एका बाँडापुरती राहत नाही, अख्ख्या साखळीवर पसरते. वीणेची तार लांब केली की सूर खाली येतो, तसं साखळी लांबली की बाजांच्या उंचीतला फरक कमी होतो. उजेड पडला की सगळ्यात वरच्या भरलेल्या बाजेवरचा पाव्हणा उडी मारून त्याच्या वरच्या रिकाम्या बाजेवर जातो, आणि उडीला जेवढी ऊर्जा लागते तेवढाच उजेड गिळला जातो. दोन डबल बाँडांचं ब्युटाडाईन २१७ नॅनोमीटरचा उजेड गिळतं, तीनवालं २५८, दोन्ही अल्ट्राव्हायोलेट, आपल्या डोळ्याला काही कळत नाही, पदार्थ बिनरंगी. गाजरातल्या बीटा-कॅरोटीनला अकरा आहेत, तो साडेचारशेच्या आसपास निळा उजेड गिळतो, उरलेला नारंगी आपल्याला दिसतो. हळदीतलं कर्क्युमिन जांभळा-निळा गिळतं, पिवळा सोडतं. बेंझिनचं पण हेच, सहा कार्बनच्या गोलात लाट गोल फिरलेली, म्हणून तिथं एक सिंगल एक डबल असं काही नसतं, सहाच्या सहा अंतरं १३९ पिकोमीटर, सिंगलच्या १५४ आणि डबलच्या १३४ च्या मधात. केकुलेनं १८६५ मधी सिंगल-डबल काढून दिलं, बिचाऱ्याकडं दांड्याच होत्या.

हळदीत चुना कालवला की लाल होते, हे घराघरात माहीत आहे. चुना कर्क्युमिनचा हायड्रोजन काढून घेतो, पण इलेक्ट्रॉन मागं ठेवून. त्या मागं राहिलेल्यांमुळं लाट अजून ऐसपैस पसरते, उडी बारकी होते, आता गिळला जाणारा उजेड निळ्याकडून हिरव्याकडं सरकतो आणि उरतो तांबडा. म्हणजे पिवळ्याचा लाल होताना एकही दांडी जोडली किंवा तोडली असं साखळीत दिसत नाही, फक्त पसारा बदलला.

एक भांडण राहिलं. दांडीवाल्यांचं घराणं पुढं लायनस पॉलिंग ह्या अमेरिकन केमिस्टनं चालवलं, त्यांचं म्हणणं बाँड दोन अणूंच्या मधातच, आणि त्यासाठी एस आणि पी मिसळून हायब्रिड लाटा करायच्या. मलिकन-हुंड म्हणाले नाही, लाट अख्ख्या रेणूची. पॉलिंगला १९५४ ला नोबेल, मलिकनला १९६६ ला, म्हणजे दोघांनाबी. मिथेनमधी चार सारख्या दांड्या, तर इलेक्ट्रॉन उपटायचा एकच भाव निघावा असं वाटतं, पण मोजलं तर दोन निघतात, एक १४ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या (हे ऊर्जेचं बारकं माप) आसपास आणि एक २३ च्या. मॉलिक्युलर ऑर्बिटलमधी तीन बाजा एका उंचीवर आणि एक खाली असते, त्यामुळं तिथं हे सरळ येतं. मी मलिकनच्या बाजूचा आहे हे आतापर्यंत कळलंच असेल. पण हिशोब पूर्ण ताणून केला तर दोन्ही घराणी एकाच उत्तराला पोचतात, आणि रिॲक्शनमधी कोण कुठं तुटणार हे पटकन बघायला मीबी दांडीच काढतो. भाचीला तेच सांगितलं, पेपरात सर म्हणतील तशी काढ, मार्क घे.

ती म्हणली आणि डागाचं? हळदी समारंभाला पांढरा शर्ट घालून गेलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, साबण लावला की पिवळा डाग लालभडक होतो आणि घरात आरडाओरड. तोच चुन्याचा प्रकार आहे, साबणानं हायड्रोजन काढला. लिंबू चोळा, हायड्रोजन परत बसतो, डाग परत पिवळा. आता हा पिवळा कितीबी घासला तरी निघत नाही, मग माय तो ओलाच शर्ट उन्हात दोरीवर टाकते, आणि संध्याकाळपर्यंत डाग फिका पडतो, दोन-तीन दिवसांत जातोच. उन्हानं त्या साखळीचे तुकडे पडतात. कर्क्युमिनचे अणू बरेचसे तिथंच कापडावर असतात, फक्त लाटेला पसरायला लांब रान उरत नाही, उडी परत मोठी होते आणि डोळ्याला दिसत नाही.